हिमसरोवराची वाट आणि घरचा तलाव

उन्हाळ्याची सुट्टी लागली कीं आमच्या भंडाऱ्यासारख्या गांवांतूनहि आतां एक नवी यात्रा निघूं लागली आहे. पाठीवर पिशवी, पायांत जाड तळाचे बूट आणि खिशांत सहलवाल्याची पावती, अशा थाटांत सुशिक्षित कुटुंबें हिमालयांतील एखाद्या हिमसरोवराकडे चालूं लागतात. परत आल्यावर छायाचित्रें दाखविलीं जातात, आपण किती हजार फूट चढलों तें सांगितलें जातें, आणि शेवटीं एक सुस्कारा टाकून म्हटलें जातें कीं, "आमच्या जिल्ह्यांत पाहण्यासारखें आहे तरी काय?" या शेवटल्या वाक्याशीं आमचें भांडण आहे.

चालण्याशीं नाहीं. पांच-सहा दिवस चढण चढून बर्फाच्या कुशींतलें निळें पाणी ज्यानें पाहिलें त्याच्या भाग्याचा आम्हांस हेवाच वाटतो. भंडाऱ्याच्या बाजूस छातीचा तसा कस लागत नाहीं, हें तरुण मंडळींचें म्हणणेंहि आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या 'अस्पर्श' निसर्गासाठीं ही धांव, तो आमच्याच पायांखालीं किती अस्पर्श उरला? रूपकुंडाच्या वाटेवरील बेदनीसारख्या गवताळ कुरणांत इतके तंबू पडूं लागले कीं २०१८ सालीं उत्तराखंडच्या उच्च न्यायालयास अशा कुरणांतील रात्रीचा मुक्काम बंद करावा लागला. निसर्गप्रेमाची ही पावती न्यायालयानें दिली आहे, सहलवाल्यानें नव्हे.

शिवाय तें सरोवर म्हणजे काय, हें तरी आपण विचारतों काय? हिमनदी मागें सरतांना दगडमातीचे ढिगारे टाकून जाते आणि पुष्कळदां त्यांच्याच आड पाणी सांचतें. त्या बांधास ना कोणी चोपलें, ना त्यास पाणी सोडण्याचें दार. केदारनाथच्या वर चोराबाडीचें असेंच एक सरोवर होतें. महात्माजींच्या अस्थि तेथें विसर्जिल्या गेल्यामुळें त्यास गांधी सरोवर म्हणत. १७ जून २०१३ रोजीं अतिवृष्टींत त्याचा कांठ फुटला आणि खालीं काय झालें तें साऱ्या देशानें पाहिलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर असेंच फुटलें आणि चुंगथांगचें धरण घेऊन गेलें. हिमनदी वितळत गेली म्हणून तें सरोवर वर्षानुवर्षें वाढत होतें. ज्या निळ्या विस्ताराकडे पाहून आपण धन्य होतों, तो कित्येकदां बर्फाच्या ऱ्हासाचा हिशेब असतो.

आतां घरचें पाणी पाहा. तेंहि मातीच्या बांधाआडच सांचलेलें. पण हा बांध माणसांनीं बुद्धीनें घातलेला. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरावी, पाळ घालावी, तुडुमांतून पाणी धानाच्या बांध्यांत सोडावें, जास्तीचें सांडव्यावरून वाहूं द्यावें आणि तें पुन्हां खालच्या तलावांत धरावें, ही विद्या आमच्या कोहळी लोकांची. त्यांच्यांत अशी परंपरा आहे कीं, चांद्याच्या एका गोंड राजानें तीर्थयात्रेहून परततांना त्यांच्या पूर्वजांस काशीहून आणिलें. परंपरा खरी असो वा नसो, तींतला विनोद पाहण्याजोगा आहे. गंगेकाठचे लोक पाण्याची विद्या घेऊन इकडे आले, आणि त्यांनीं खोदलेल्या तलावांचें पाणी पिऊन वाढलेले आम्ही पाणी पाहावयास गंगेच्या उगमाकडे जातों! मारुति चितमपल्लींसारखा अरण्याचा अभ्यासक नवेगांवबांधच्या एका तलावाकांठीं वर्षें घालवितो आणि त्यावर पुस्तक लिहितो. नवेगांव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत गेलें, एवढ्यावरून आमच्या वांट्यास कांहीं उरलेंच नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं. साकोलीकडे शिवणीबांध आहे, आणि गांवोगांवच्या बोड्या तर मोजीत बसावें लागेल.

पण पाहणार कोण? ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार कांहीं संत नव्हता, त्याची वेठ गांवानें भोगली होती. ती गेली तें उत्तमच झालें. परंतु त्याच्याबरोबर दरसाल पाळीवर माती टाकण्याची गांवाची संवयहि गेली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, आणि गाळ मात्र सर्वांचा समाईक. या 'माजी मालगुजारी' तलावांस कागदोपत्रीं संक्षेपानें 'मामा तलाव' म्हणतात. मामाच्या गांवीं जाण्यास ज्या घरचीं मुलें एके काळीं नाचत, त्या घरांतून या मामाकडे कोणी फिरकत नाहीं. तळांत बेशरमीचीं झुडुपें माजतात, कांठावर अतिक्रमणें सरकतात, पाळीवरच्या झाडांचीं मुळें बांध पोखरतात. ढिवरांची मासेमारी आणि टोकाच्या शेतकऱ्याचें धान जातें तेव्हां आम्ही मे महिन्याचें आरक्षण करीत असतों.

हें काम सरकारचें, आमचें काय, असें कोणी म्हणेल. सरकारचें आहेच, पण ज्या पाण्यावर कोणाची नजर नसते त्याचें काम सरकारहि शेवटीं ठेवतें. हिमालयांतल्या सरोवराची उंची, तेथील थंडी, वाटेवरच्या मुक्कामांचीं नांवें आमच्या मुलांस पाठ असतात. गांवच्या तलावाचा सांडवा कोणत्या अंगास आहे हें विचारल्यास तीं आमच्याकडे पाहतात आणि आम्ही खिडकीबाहेर.

म्हणून ज्या घरांत यंदां हिमसरोवराची पावती फाडली जाईल त्या घरास आमची एक विनंति आहे. बूट आणिलेच आहेत. ते पायांत बसावेत म्हणून तरी पौषांतल्या एका सकाळीं जवळच्या तलावाच्या पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावें. तुडूम गळतें काय, सांडव्याच्या तोंडावर कोणी भिंत घातली आहे काय, हें पाहावें आणि पाळीवर भेटेल त्या ढिवरास पाणी पूर्वीं कोठवर असे तें विचारावें. त्या पाण्यावर गांवाचा कोणता हक्क आहे हें 'वाजिब-उल-अर्जा'त आणि निस्तारपत्रकांत लिहून ठेविलेलें असतें. कचेरींत अर्ज करून त्यांची नक्कल मागतां येते.