पाकिटामागचं इंग्रजी



"आता या वयात इंग्रजी शिकून कुठं नोकरी करायचीय?" हा टोमणा आपल्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकला असेल. नोकरी राहू द्या, किराणा भरायला तरी ते लागतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. कांदा, लसूण, बटाटा सगळे त्या ठिपक्यात बसतात. सरकारी नियमाने मधसुद्धा मांसाहारात धरलेला नाही. म्हणजे आपल्याला काय चालतं ते ठिपक्यावरून कळतच नाही. ते मागच्या बारीक अक्षरांत असतं, आणि ती अक्षरं बहुतेक इंग्रजीच. चातुर्मासाचा नियम आपण घ्यायचा आणि तो पाळण्यासाठी दर वेळी नातवाला हाक मारायची, हे मला पटत नाही.

आपण शिकत नाही असं नाही. पण रोज दहा सुटे शब्द पाठ करतो, आणि आठवड्याने सत्तरातले पाच आठवतात. शब्द असे सुटे नसतातच मुळी. त्यांचं घराणं असतं. आपल्याकडे नाही का, बोल, बोलणं, बोलका, अबोला?

'डिहायड्रेशन' हा शब्द घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की डॉक्टर तोच म्हणतात. मग फरसाणाच्या पाकिटावर 'डिहायड्रेटेड ऑनियन' दिसलं तर अडायचं काय कारण? शेवटी 'शन' आलं की बहुतेकदा ते नाम, म्हणजे क्रियेचं नाव. 'ऑनियन'सारख्या नामाआधी आलेल्या शब्दाच्या शेवटी 'एड' दिसलं, तर बहुधा ती क्रिया त्या वस्तूवर झालेली. पाणी काढून टाकलेला कांदा, म्हणजे सुकवलेला कांदा. झालं! तसंच 'फर्मेंटेशन' म्हणजे आंबणं आणि 'फर्मेंटेड' म्हणजे आंबवलेलं. 'प्रिझर्व्ह' म्हणजे टिकवणं, तर 'प्रिझर्व्हेटिव्ह' म्हणजे टिकवणारा पदार्थ. 'कंटेन्स' म्हणजे यात आहे, 'मे कंटेन' म्हणजे असू शकतं. आपण ज्यात डाळ भरतो तो कंटेनर त्याच घराण्यातला.

उपसर्ग तर आपल्याला नवे नाहीत. अ, बे, ना, गैर आपण रोज लावतो. इंग्रजीत नकाराचा 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. 'पॉसिबल'आधी 'इम', 'लीगल'आधी 'इल', 'रेग्युलर'आधी 'इर'. शाळेतली संधी आठवा, उत् आणि लास मिळून उल्लास होतो. तोच प्रकार. आपल्याला हे आयतं कळतं.

घराण्यात एखादा फसवा निघतोच. स्प्रेच्या डब्यावर 'इन्फ्लेमेबल' असेल तर 'इन' आहे म्हणून तो पेटणार नाही असं समजून शेगडीजवळ ठेवू नका. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारा. 'फ्लेमेबल'चाही अर्थ तोच. 'प्राइसलेस' म्हणजे फुकटातलं नव्हे, अमूल्य. आणि 'हार्ड' काम करणं म्हणजे कष्ट करणं, पण 'हार्डली' काम करणं म्हणजे जेमतेम हात लावणं. सुनेचं कौतुक करताना तेवढं सांभाळा!

आधी सगळं व्याकरण, मग शब्द, असं क्लासवाले म्हणतात. माझं मत उलट आहे. कणकेच्या डब्याशेजारी एक वही ठेवा, एका पानावर एकच घराणं लिहा, आणि शब्द घरात आलेल्या पाकिटावरचेच घ्या. मी या आठवड्यात 'एक्स्ट्रॅक्ट' घेतलाय, मसाल्याच्या दोन पाकिटांवर सापडला. तुमच्या पाकिटावर कुठला शब्द अडला ते कळवा.