वावर खचलं, तर पंचनामा कशाचा?

आमचं वावर वणी-भद्रावतीच्या पट्ट्यात, भूमिगत कोळसा खाणीच्या डोक्यावर आहे. खाली कोळसा काढताना आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात आणि शेवटी तेही काढून नेतात. खाणीत याला डिपिलरिंग म्हणतात. मग छत बसतं आणि वरची जमीन बशीसारखी खचते. पोकळीत वाळू भरली नाही, तर कोळशाच्या थराच्या निम्म्याहून जास्तही खाली जाते.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसानं बुजतात. खाणीच्या भेगा बुजत नाहीत. बशीच्या काठावर जमीन ताणली जाते, तिथे त्या धुरा न पाहता या वावरातून त्या वावरात जातात. आम्ही त्यात दगड, तुराट्या, पऱ्हाट्या, माती लोटतो. जोराचा पाऊस आला की गढूळ पाणी भोवरा धरतं आणि टाकलेली माती घेऊन खाली उतरतं. पाण्याबरोबर खतही जातं. चार दिवस उघाड पडली की काठावरची पऱ्हाटी माना टाकते. डवऱ्याचे बैल तिकडे न्यायची हिंमत होत नाही.

मधल्या खोलगटात याच्या उलट. तिथे पाणी निघत नाही, तुरीची मुळं कुजतात, पानं पिवळी पडून झाड उभ्यानं वाळतं. एकाच वावरात एक पीक तहानेनं जातं, दुसरं पाण्यानं.

पंचनाम्याची वेळ आली की खरी अडचण कळते. अतिवृष्टी धरायला महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस लागतो. आमच्या खोलगटात त्याच्या निम्म्या पावसानंही पाणी साचतं. मग ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये याच पट्ट्यातल्या घुग्घुसला एक घर जमिनीत गडप झालं, तेव्हा सारं प्रशासन धावलं आणि ते योग्यच झालं. वावर दोन फूट खचलं तर फोटोत काही दिसत नाही. 1957 च्या कोळसाक्षेत्र कायद्यानुसार जमिनीखालचे हक्क तेवढे वेगळे घेता येतात. तशा ठिकाणी वरचं वावर शेतकऱ्याच्याच नावावर राहतं, आणि त्याचे भोगही त्याच्याच वाट्याला.

एकदाच मिळणाऱ्या पीकभरपाईनं हे भागणार नाही, कारण खोलगट दर खरिपाला तिथेच असतो. डिपिलरिंगच्या आधी शेतकऱ्यासमोर वावराची पातळी मोजा, नंतर दर मे महिन्यात पुन्हा मोजा. खचलेली जमीन खाण कंपनीनं दुरुस्त करावी. मात्र वरची काळी माती आधी बाजूला काढा, सपाटीकरण करा, मग ती परत पसरा. नाहीतर मुरूम वर येतो आणि वावर कायमचं जातं. पाणी काढायला चर खोदा. उत्पन्न पूर्ववत होईपर्यंत दरवर्षी भरपाई द्या. चंद्रपूर आणि यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पंचनाम्यात खाणीमुळे खचलेल्या जमिनीचा स्वतंत्र रकाना येत्या खरिपाआधी घालावा, ही आमची मागणी आहे.