कच्चा रंग आणि पक्का रंग

सांगलीच्या हळदीस सन २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरडा होतो. तरीही या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ मुलांस हळद भाजीपुरती व हिरडा औषधापुरताच ठाऊक असतो. शाळेंत वर्षांतून चार दिवस तरी मुलांकडून वनस्पतींच्या रंगांनीं कापड रंगवून घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर कांहीं पालक विचारतील कीं, तयार रंगाच्या पुड्या मिळत असतां हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. सन १८५६ मध्यें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यास दगडी कोळशाच्या डांबरांतील द्रव्यापासून जांभळा रंग साधला. सन १८९७ मध्यें कारखान्यांतील नीळ जर्मनींतून बाजारांत आली. आणि पुढें आपल्याकडील रंगारी व निळारी यांचा पिढीजात धंदा बसत गेला. तो काळ परत आणावा, असें आम्ही म्हणत नाहीं. जुनें तेवढें सोनें, असेंही आम्ही मानीत नाहीं. पुडीच्या रंगांत जो धडा झांकून राहतो, तो मुलांस मिळावा एवढाच आमचा हेतु आहे.

हळदीच्या पाण्यांत पांढरा रुमाल बुडवितांच तो पिवळाधमक होतो, व मुलें हरखून जातात. परंतु साबण लागला कीं तोच रुमाल तांबडा दिसतो, लिंबू पिळलें कीं पुन्हा पिवळा होतो, आणि उन्हांत राहिला कीं फिका पडतो. हा कच्चा रंग.

मंजिष्ठेची रीत निराळी. सुती कापड धुवून त्याची खळ काढावी, हिरड्याच्या पाण्यांत भिजवून वाळवावें, मग तुरटीच्या पाण्यांत ठेवावें, आणि शेवटीं मंजिष्ठेच्या मुळांच्या पाण्यांत मंद आंचेवर सोडावें. हिरड्याच्या योगानें सूत तुरटीला धरतें व तुरटी रंगाला धरते. असा चढलेला तांबडा रंग पुष्कळ धुण्यांस पुरतो. रुमालांत हरभऱ्याचे दाणे दोऱ्यानें आवळून बांधले, तर तेथें पांढरीं कडीं उमटून नक्षीही होते.

या कामांत पहिले दोन दिवस रंगाचा थेंबही दिसत नाहीं, आणि मुलें उतावीळ होतात. आमच्या मतें तेच दोन दिवस मोलाचे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पाठांतराचा रंग चढविणाऱ्या विद्यार्थ्यांस, आणि केवळ गुणपत्रिका पाहणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांसही, हें कोणत्याही उपदेशापेक्षां लवकर समजेल.

सावधगिरी मात्र हवी. कढत पाण्याचें काम शिक्षकांनीं करावें. रंगाचीं भांडीं स्वयंपाकांत वापरूं नयेत. मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानांतून आणावी, रानांतील वेल मुळासकट उपटूं नये. फाल्गुनांत पळसाचीं गळालेलीं फुलें, आटपाडीकडील डाळिंबांच्या साली, घरचीं कांद्याचीं टरफलें, एवढ्यावर पुष्कळ रंग साधतात.

पालकांस एकच विनंती. मूल पिवळीं बोटें व वांकडातिकडा रुमाल घेऊन घरीं आलें, तर रागावूं नये. याला किती दिवस लागले, एवढें मात्र त्यास अवश्य विचारावें.