अंगावर काढणार नाही, कागदावर आणू

आम्ही कुपवाडचे. एमआयडीसीत शिफ्ट करणारे, त्यांचे डबे भरणाऱ्या, घरोघर फिरणाऱ्या आशाताई, मेडिकलच्या काउंटरवर उभे राहणारे. शेजारी दवाखान्यांची मिरज, त्यामुळे नवे औषध आमच्या दारात यायला वेळ लागत नाही. त्या औषधाने झालेला त्रास मात्र दाराबाहेर पडत नाही. अंगावर चट्टे उठतात, तोंड येते, घरचे म्हणतात, गोळी उष्ण पडली. विषय तिथेच मिटतो.

तो मिटता कामा नये. नवे औषध बाजारात येते तेव्हा ते काही शे, फार तर काही हजार माणसांवर तपासलेले असते. दहा हजारांत एकाला होणारा त्रास चाचणीत सहसा सापडत नाही, तो आपल्यात सापडतो. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या कंपनीने पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे दरवर्षी सुरक्षिततेचा अहवाल द्यायचा असतो. आपणच गप्प बसलो, तर त्या अहवालात कुपवाड येणार कुठून?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी नेमलेल्या लेंटिन आयोगाने सारे उघड केले, पण माणसे गेल्यावर. उलट उदाहरणही आहे. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने दिला. तो देशभरातून आलेल्या नोंदींतूनच निघाला.

आम्ही मानतो की रुग्णाचे सांगणे हा पुरावा आहे. नोंद करणे म्हणजे डॉक्टरांवर आरोप नव्हे, आणि मनाने औषध बंद करणेही नव्हे.

मेडिकलमध्ये चार गोळ्या कापून मिळतात, बॅच नंबर छापलेला तुकडा दुकानातच राहतो. यापुढे आम्ही बिल मागू, त्यावर बॅच नंबर आहे का ते पाहू, स्ट्रिपचा फोटो ठेवू. त्रास झाला की आधी डॉक्टर गाठू, मग औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर कळवू. नोंदीचा फॉर्म मराठीत आहे. तो आशाताईंच्या पिशवीत, कारखान्याच्या गेटवर, प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवू. कोणाला, काय झाले, कोणत्या औषधाने, कळवतो कोण, एवढ्यावर नोंद उभी राहते. लिहिता न येणाऱ्याची नोंद आम्ही लिहून देऊ.

कुपवाडकरहो, पुढची गोळी बिल घेऊनच घ्या. आणि मानवली नाही, तर आम्हाला सांगा.