घरांतील उष्णता बाहेर काढण्याची युक्ति

वैशाख लागला म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. पूर्वींचीं धाब्याचीं घरें जाड भिंतींमुळें भर दुपारींहि गार राहात. हल्लींचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर तो ताप खालीं सोडीत असतो. म्हणून एकत्र कुटुंबाच्या नव्या बंगल्यांत सर्व घर एकदम थंड करणारें यंत्र बसविण्याची भाषा आतां ऐकूं येते. खर्च मोठा आहे. तेव्हां तें यंत्र करतें काय, हें आधीं समजून घेणें इष्ट होय.

यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. घरांतील उष्णता उचलून बाहेर टाकतें, इतकेंच. विहिरीवरची मोट खालीं भरते, वर रिती होते आणि पुन्हां खालीं जाते. तशीच ही उष्णतेची मोट समजावी. येथें मोटेचें काम एक द्रव करतो. आंतील नळ्यांत शिरतांच त्याची वाफ होते, आणि घाम वाळतांना जसें अंग निवतें, तशी त्या नळ्यांवरून जाणारी हवा निवते. हवेंतील दमटपणाहि तेथेंच थेंब होऊन गळतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबल्यानें ती बाहेरच्या हवेहूनहि अधिक तापते, म्हणूनच आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हां द्रव होऊं शकते. पुढें अरुंद छिद्रांतून सुटतांना तिचा दाब उतरतो, ती गार होते आणि फेरा पुन्हां सुरू होतो. मोटेस बैल लागतात, हिला वीज लागते.

मध्यवर्ती पद्धतींत ही गार हवा छतांतील पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पोंचते आणि परतीच्या वाटेनें गाळणींतून यंत्राकडे येते. गाळणी धुळीनें भरली कीं वीज अधिक जळते व गारवा कमी होतो. विक्रेता 'टन' म्हणतो तें यंत्राचें वजन नव्हे. 907 किलो बर्फ 24 तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी काढण्याची ती शक्ति होय.

नळदुर्गास बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, सतराव्या शतकाच्या आरंभीं तो बांधला गेला. पाठीशीं अडविलेलें पाणी आणि भोंवतीं दगडी बांधकामाची प्रचंड जाडी. मग बाहेरचें ऊन आंत पोंचणार कसें? त्या कारागिरांनीं उष्णता आंत येऊंच दिली नाहीं. आजचें यंत्र आंत आलेली उष्णता बाहेर काढतें. पहिल्या उपायाचा खर्च एकदांच, दुसऱ्याचें बिल दरमहा. यास्तव गच्चीला पांढरा लेप व पश्चिमेच्या खिडक्यांना सावली हीं आधीं करावीं. यंत्र लहान पुरेल.

पाण्याचा कूलर कोरड्या हवेंत उत्तम चालतो, हें खरें. परंतु 2016 सालीं शेजारच्या लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. कूलरला रोज पाणी लागतें, या यंत्राला लागत नाहीं.

आतां एक मुद्दा, जो नकाशा काढतांना सहसा कोणी बोलत नाहीं. दिवाणखान्याला व शयनगृहांना गार हवेच्या वाटा मिळतात आणि स्वयंपाकघर वगळलें जातें. फोडणीचा धूर यंत्रांत जातां कामा नये, हें कारण सांगतात. तें अर्धेंच खरें. परतीची वाट तेथें नसावी, हें योग्य. पण गार हवेचें एक तोंड द्यावयास कोणती हरकत? धूर पंख्यानें थेट बाहेर घालवावा, आणि तो पंखा स्वयंपाकापुरताच चालवावा. पंधरा पानांचा स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीनें शेगडीपुढें भाजून निघावें आणि पुरुषमंडळींनीं शेजारच्या खोलींत शाल पांघरून वर्तमानपत्र वाचावें, ही व्यवस्था शास्त्राची नव्हे, संवयीची आहे. तसेंच वृद्धांच्या खोलीच्या नळाला स्वतंत्र झडप असावी. तरुणांना हवा तितका गारवा त्यांच्या सांध्यांना सोसत नाहीं.

खर्च साऱ्या कुटुंबाचा, तर गारवाहि साऱ्यांचा असावा. नकाशावर सही करण्यापूर्वीं घरच्या कर्त्या पुरुषानें वैशाखांतील एक दुपार स्वयंपाकघरांत बसून पाहावी.