एकाच कोठीतला शिधा

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत माझ्या मावसभावाचा विषय निघाला की हटकून एक वाक्य ऐकू येते, "नौदलात अधिकारी ना? मग काय, चैन आहे!" दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपणाऱ्यांना कुलाब्याच्या नेव्हीनगरातले घर चैनच वाटणार. मला मात्र हे पटत नाही. ते घर दादाचे नव्हे. दोन-तीन वर्षांनी बदली आली की वहिनी पेट्या बांधते, मुले शाळा बदलतात. आणि पन्नाशीत निवृत्त झाल्यावर किल्ली परत द्यायची. आमची खोली भाड्याची खरी, पण पणजोबांपासून आमच्याकडे आहे.

गेल्या वर्षी दादाने मला अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जेवायला नेले. नौदलाची एक गंमत आहे. किनाऱ्यावरच्या तळालाही ते जहाजच मानतात. कान्होजींच्या नावाचे 'आय.एन.एस. आंग्रे' फोर्टात चक्क जमिनीवर आहे! मेसला म्हणायचे 'वॉर्डरूम'. टेबलावर पांढरेशुभ्र कापड, काटे-चमचे, वाढायला माणूस. (मी आमटी चमच्याने प्यालो, हे घरी सांगितलेले नाही.) जेवताना मनात आले, हा वाढणारा स्वतः कुठे आणि काय जेवत असेल?

प्रश्न किरकोळ नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी याच कुलाब्यात 'तलवार' या किनारी तळावर नाविकांनी निकृष्ट अन्न नाकारले. अपमान, वर्णभेद, स्वातंत्र्याची ओढ ही कारणे होतीच. पण ठिणगी पडली ती ताटात. पाहता पाहता सुमारे २०,००० नाविक उठावात उतरले. २२ तारखेला गिरणी कामगारांनी संप केला, आणि त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबाराने दोनशेहून अधिक माणसे मेली. वेगळ्या मेसमध्ये जेवणाऱ्या गोऱ्या साहेबांना नाविकांच्या ताटातले कळणार कसे?

आजचे नौदल इंग्रजांचे नाही, हे मला कळते. दादा म्हणतो, "मेस वेगळीच हवी. साहेब समोर बसला तर नाविकाला घास गोड लागेल का?" हेही मान्य. माझे म्हणणे एवढेच की, टेबले दोन असोत, शिधा एकाच कोठीतून यावा. आणि अधिकाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी ताट घेऊन नाविकांच्या रांगेत उभे राहावे. पाहणीला नव्हे, जेवायला.

दादा हसला. "तुमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये प्राध्यापक कुठे बसतात रे?"

मी गप्प बसलो. आमच्याकडेही मध्ये लाकडी पार्टिशन आहे.