लब्लाँ : आठवणींवर टिकलेले आडनाव

बँकेतील सेवेच्या काळातील एक प्रसंग आजही स्मरणात आहे. एक वृद्ध भगिनी पतीच्या निधनानंतर त्यांच्या ठेवीची रक्कम मागण्यासाठी आल्या होत्या. ठेवीच्या पावतीवर पतीचे आडनाव एक होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे. एक गावावरून पडलेले, तर दुसरे घराण्याचे मूळ. नियमाप्रमाणे रक्कम देता येईना. अखेर त्या गृहस्थांना लहानपणापासून ओळखणाऱ्या दोन वडीलधाऱ्या माणसांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, तेव्हा काम मार्गी लागले. निवृत्तीनंतर आडनावांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की अठराव्या शतकात फ्रान्सच्या एका बेटावर अनेक कुटुंबांना आपली ओळख अशाच जबानीने नोंदवून घ्यावी लागली होती. त्यांतील 'लब्लाँ' या आडनावाची ही हकीकत.

फ्रेंच भाषेत 'लब्लाँ' म्हणजे गोरा किंवा पांढरा. पांढुरक्या केसांवरून अथवा उजळ वर्णावरून पडलेले हे नाव आपल्याकडील 'गोरे' या आडनावाचे सख्खे भावंडच म्हणावे. फ्रेंच आडनावांची घडण आपल्याला परकी वाटत नाही. धंद्यावरून लोहार तो लफेव्र, राहण्याच्या जागेवरून रानाजवळचा तो द्युब्वा, अंगलक्षणावरून मोठा तो लग्राँ. 1539 साली राजा पहिला फ्रान्स्वा याने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा काढली. पुढे अशा नोंदींमुळे व्यक्तीला पडलेली नावे पिढ्यान्‌पिढ्या स्थिर होत गेली. अर्थात उजळ वर्णाची माणसे गावोगाव असणारच. त्यामुळे फ्रान्समधील सगळे लब्लाँ एका रक्ताचे नाहीत.

अटलांटिकपलीकडची गोष्ट मात्र निराळी आहे. 1650 च्या सुमारास दानिएल लब्लाँ आणि त्याची पत्नी फ्राँस्वाज गोदे हे दांपत्य अकादी या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियात, पोर्ट रॉयल येथे स्थायिक झाले. 1671 च्या जनगणनेत या कुटुंबाची नोंद आहे. शेतकरी दानिएल, पत्नी, सहा मुलगे व एक मुलगी, शिवाय गुरे, मेंढ्या आणि जमीन. त्या वेळी संपूर्ण वसाहतीची नोंदलेली लोकसंख्या जेमतेम चारशे होती. सहा मुलग्यांपैकी पाच जणांचा वंश वाढला आणि शंभर वर्षांच्या आत लब्लाँ हे अकादीतील सर्वांत मोठ्या घराण्यांपैकी एक झाले.

या लोकांनी जमीन मिळवली ती कोणाची हिसकावून नव्हे, तर समुद्राकडून. फंडीच्या आखातातील भरती जगातील सर्वांत उंच भरत्यांपैकी आहे. तेथील खाजणात त्यांनी मातीचे बांध घातले आणि बांधाच्या पोटात झडप असलेले लाकडी पन्हळ बसविले. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाई, भरतीला झडप आपोआप मिटे. आपल्या कोकणात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तिचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. काही वर्षांत पावसाने क्षार धुऊन जात आणि त्या भूमीत गहू डोलू लागे.

परंतु 1713 च्या उत्रेख्तच्या तहाने हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. अकादीचे लोक राजनिष्ठ राहण्यास तयार होते, मात्र फ्रेंचांविरुद्ध शस्त्र उचलण्यास तयार नव्हते. चाळीस वर्षे हा वाद धुमसत राहिला. बिनशर्त शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा 28 जुलै 1755 रोजी लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स यांच्या मंडळाने त्यांना हद्दपार करण्याचे ठरविले. 5 सप्टेंबर रोजी ग्राँ-प्रे या गावी 418 पुरुष व मुलगे चर्चमध्ये बोलाविले गेले. दारे बंद झाली आणि कर्नल जॉन विन्स्लो यांनी हुकूम वाचून दाखविला : जमीन आणि जनावरे सरकारजमा, तुम्ही देशाबाहेर. विन्स्लो यांनी त्या पुरुषांची यादी करून ठेवली आहे. तिच्यात लब्लाँ हे नाव पुन्हा पुन्हा येते.

1755 ते 1763 या काळात दहा हजारांहून अधिक माणसे अशी हलविली गेली. हजारो मरण पावली. रने लब्लाँ हे तेथील वृद्ध दस्तलेखक. इंग्रज सत्तेशी त्यांचे वर्तन निष्ठेचे होते. तरीही त्यांना पत्नी आणि दोन धाकट्या मुलांसह न्यूयॉर्कला उतरविण्यात आले. निर्वासितांनी पुढे राजाला पाठविलेल्या अर्जात नमूद आहे, की त्यांना वीस मुले आणि सुमारे दीडशे नातवंडे होती आणि ती वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली गेली. आणखी तीन मुले त्यांना फिलाडेल्फियात भेटली आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. ज्यांनी आयुष्यभर इतरांचे दस्त लिहिले, त्यांच्याच कुटुंबाचा मेळ लावण्यास कोणता दस्त उरला नाही.

सुमारे अकराशे माणसे व्हर्जिनिया वसाहतीने स्वीकारली नाहीत. ती इंग्लंडच्या बंदरांत सात वर्षे अडकून पडली. देवीच्या साथीत कित्येक दगावली. 1763 मध्ये उरलेल्यांना फ्रान्समध्ये पाठविण्यात आले आणि 1765 मध्ये त्यांतील 78 कुटुंबांना ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल बेटावर जमिनी मिळाल्या. यांचे जन्म आणि विवाह समुद्रापलीकडच्या चर्चमध्ये नोंदलेले होते. येथे दाखवावयास कागद नव्हता. म्हणून 1767 मध्ये ब्रिटनीच्या न्यायपीठाच्या आदेशाने प्रत्येक कुटुंबप्रमुखाची साक्षीदारांसमक्ष जबानी घेण्यात आली. बाप कोण, आजा कोण, कोणाचा विवाह कोठे झाला, कोण कोणत्या बंदरात वारले, भावंडे आज कोठे आहेत, हे सारे त्यांनी आठवणीतून सांगितले. काही जण थेट फ्रान्सहून आलेल्या मूळ पुरुषापर्यंत पोहोचले. लब्लाँ कुटुंबीयांनी दानिएलचे नाव सांगितले. त्याला फ्रान्स सोडून तेव्हा शतकाहून अधिक काळ लोटला होता.

कागदही सगळेच बुडाले नाहीत. ग्राँ-प्रेच्या चर्चमधील काही नोंदवह्या निर्वासितांनी सोबत नेल्या. त्या अखेर लुइझियानात सेंट गॅब्रिएल येथे पोहोचल्या आणि आज बॅटन रूज येथील धर्मप्रांताच्या अभिलेखागारात आहेत. घरदार सोडताना ज्याने वह्या उचलल्या, त्याला काय जपावे हे कळले होते.

लुइझियानात 1785 मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे सोळाशे जण आले. 'अकादियाँ' या शब्दाचे तेथे 'केजन' झाले, पण लब्लाँ तसेच राहिले, फक्त उच्चार बदलला. न्यू इंग्लंडमध्ये मात्र काहींनी नावाचे भाषांतर करून 'व्हाइट' असे लावले. त्या घरांतील मुलांना दानिएलपर्यंत जाणारी वाट नावावरून सापडणे कठीण झाले. जे परत कॅनडात आले त्यांची वस्ती न्यू ब्रन्सविकमध्ये वाढली. त्याच प्रांतातील रोमेओ लब्लाँ 1995 ते 1999 या काळात कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. या पदावर बसलेले ते पहिले अकादियन. ज्या राजसत्तेच्या नावे घराणे हद्दपार झाले, तिचेच प्रतिनिधित्व त्यांच्याकडे आले. 2003 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या नावे निघालेल्या उद्घोषणेने त्या हद्दपारीतील यातनांची कबुली दिली आणि 28 जुलै हा स्मरणदिन ठरविला.

वाचकहो, हिशेबाच्या वह्या सांभाळण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून कागदाचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु बेल-ईलवरील त्या जबान्या वाचताना प्रश्न पडतो : उद्या आपल्याला कोणी तसे समोर बसविले, तर आपण किती पिढ्या सांगू शकू? पणजोबांचे नाव बहुतेकांना सांगता येईल. पणजीचे माहेर कोणते होते? कोणता भाऊ कोणत्या गावी गेला आणि तेथे कोणते आडनाव लावू लागला? घरात सत्तरी-ऐंशी गाठलेले कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ एक वही घेऊन बसावे. त्या निर्वासितांना सांगणे शक्य झाले, कारण त्यांच्या घरी कोणीतरी आधी सांगितले होते आणि कोणीतरी ते लक्ष देऊन ऐकले होते.